लवकर वाढणारे पोवळे विकताना खरे सांगा

व्हेनेझुएलाच्या ईशान्य किनाऱ्यावर मोचिमा राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या समुद्रतळावर मऊ प्रवाळाची एक गादी पसरत गेली आणि खालची दगडी पोवळी, सागरी गवत तिच्याखाली गाडले गेले. हे प्रवाळ मूळचे हिंद-प्रशांत महासागरातले. कॅरिबियन समुद्रात त्याचे काहीच काम नव्हते. २०१४ मध्ये संशोधकांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि संशयाचे बोट हौशी मत्स्यालयांच्या व्यापाराकडे दाखवले. उनोमिया स्टोलोनिफेरा या नावाने आज ओळखले जाणारे हेच प्रवाळ २०२० मध्ये हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही आढळले.

याच कुळातले झेनिया घरगुती सागरी टाकी थाटणाऱ्याला हमखास सुचवले जाते. ‘नवशिक्यांसाठी उत्तम, सहसा मरत नाही’ ही त्याची शिफारस. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. जे सहसा मरत नाही, ते सहसा थांबतही नाही. वाढीचा वेग न सांगता असे प्रवाळ विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, असेच म्हणावे लागेल.

अशा पसरणाऱ्या प्रवाळांची ओळख पटवणे अवघड नाही. खऱ्या मऊ प्रवाळाच्या प्रत्येक तोंडाभोवती पिसासारखे आठ हात असतात. झेनियाचे हात मुठीसारखे मिटतात आणि उघडतात. ही उघडझाप कशासाठी, याचे उत्तर इलातच्या आखातातल्या हेटेरोझेनियावरच्या अभ्यासातून २०१३ मध्ये मिळाले: हातांभोवती साचलेले प्राणवायूने भरलेले पाणी त्यामुळे हटते आणि आत राहणाऱ्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण जोमाने चालते. ग्रीन स्टार पॉलिपची खूण म्हणजे रबरासारखी जांभळी चटई. हिरवी तोंडे आत ओढली गेली की फक्त ती चटईच दिसते. केनिया ट्री आपल्या फांद्यांचे तुकडे स्वतःच गाळते, ते वाहत जाऊन टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रुजतात. चपट्या तबकडीचे मशरूम शास्त्राच्या हिशेबी मऊ प्रवाळ नव्हे, पण दुकानात शेजारीच असते. ते खरवडून काढले तरी मागे राहिलेल्या कणातून पुन्हा उगवते.

प्रवाळांच्या नात्यातल्या, टाक्यांत तशाच पसरणाऱ्या झोअँथिडच्या बाबतीत मात्र गंमत नको. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असते. असा खडक उकळल्याने किंवा घासल्याने घरातल्या माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या नोंदी आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये. खडक उकळणे तर कधीच नको.

फैलाव रोखायचा तो पहिल्या दिवसापासून. झेनियाचा खडक मुख्य रचनेला टेकवू नये. चहूबाजूंनी वाळू राहील असा तो वेगळा मांडावा. ग्रीन स्टारला मागच्या काचेचा एखादा तुकडा द्यावा आणि कडा वेळोवेळी सोलून काढाव्यात. छाटणी करायची तर खडक टाकीबाहेर काढून, कारण आत कापले की तुकडे पाण्याबरोबर पसरतात. आणि खाद्य कमी करावे. माशांना जास्त खायला घातले की नायट्रेट, फॉस्फेट वाढते आणि त्यावर ही मंडळी पोसली जातात. पोषणाने काय होते, हे प्रशांत महासागरातल्या पाल्मिरा बेटावर दिसले आहे. १९९१ मध्ये तिथे एक जहाज बुडाले, आणि पुढे त्याच्या सांगाड्याभोवतीचे प्रवाळ मशरूमच्या एका भाऊबंदाने झाकून टाकले. गंजत्या लोखंडाचा त्यात हात असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. अखेर तो सांगाडाच उचलावा लागला.

छाटलेल्या तुकड्यांचे काय करायचे, हा खरा कळीचा प्रश्न. उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा हौशी टाक्यांतूनच बाहेर पडला. पवनेवर पसरणारी जलपर्णीही शोभेची वनस्पती म्हणूनच भारतात आली. मालवणच्या सागरी अभयारण्यात आपली स्वतःची पोवळी आहेत. दगडी पोवळ्यांना आणि समुद्रपंख्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. पण कायदा पोवळी तोडणाऱ्याच्या हाताला अडवतो, खाडीत रिकाम्या होणाऱ्या बादलीला नाही.

म्हणून दुकानदारांनी विक्रीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे फ्रॅगवर, ‘झपाट्याने पसरते’ असे मराठीत ठळक लिहावे आणि नको झालेले प्रवाळ परत घ्यावे. हौशी मंडळींनी तुकडे उन्हात कडकडीत वाळवून किंवा फ्रीजरमध्ये गोठवून मगच कचऱ्यात टाकावेत. टाकीचे पाणी ब्लीच घालून ठेवल्यानंतरच गटारात सोडावे. समुद्रात, खाडीत किंवा पावसाळी नाल्यात यातला एक तुकडाही जाऊ देऊ नये.