कारभारणीच्या नावावर काय?



लागणीची नोंद घेताना आमच्या शेतकी खात्याचा चिटबॉय तुम्हाला गट नंबर विचारतो, क्षेत्र विचारतो, उसाची जात आणि लागणीची तारीख विचारतो. तुमचे वय विचारत नाही. नोंद बाईच्या नावाची की पुरुषाच्या, याची वेगळी बेरीजही कोणी मांडत नाही. उसाचे वय आम्हाला महिन्या-दिवसांत पाठ असते, ऊस लावणाऱ्याचे मात्र ठाऊक नसते. ही बेरीज आता मांडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण आहे म्हातारपणाचा पैसा.

परदेशातले उदाहरण देतो म्हणून रागावू नका. ब्रिटनमध्ये कोणत्या वयाच्या माणसाची खाजगी पेन्शनची पुंजी किती, त्यात बाईची किती अन् बाप्याची किती, हे सरकार मोजते. 2018 ते 2020 या काळातल्या पाहणीत असे निघाले की पंचावन्न वर्षांच्या सुमारास बाईची ही पुंजी पुरुषापेक्षा 35 टक्क्यांनी कमी असते. तिथे बाया नोकऱ्या करतात, पगार घेतात, तरी ही तऱ्हा. आपल्याकडे भांगलण, खत टाकणे, जनावरे आणि घर हे सगळे करून तिच्या हातावर पगार म्हणून काहीच पडत नाही. मग तिची पुंजी कशी साठायची?

आपल्या शेतकऱ्याची पुंजी म्हणजे जमीन. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांपैकी बाया सुमारे 14 टक्के भरल्या, आणि क्षेत्र तर 12 टक्क्यांच्याही आतच. सातबारा नवऱ्याचा, म्हणून शेअर नवऱ्याचा, म्हणून उसाचे बिल नवऱ्याच्या खात्यावर. आता दुसरा आकडा बघा. 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या बायांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. त्याच वयाच्या पुरुषांत विधुर शंभरात पंधरा. म्हणजे ज्याच्या नावावर सगळे आहे तो आधी जातो, आणि जिच्या नावावर काही नाही ती मागे राहते. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा आयुष्यभर उसात राबलेली म्हातारी पोराकडे पन्नास-शंभराची नोट मागताना दिसते. पोरगं वाईट नसतं. पण मागावं लागतं.

कारखान्याच्या गेटच्या आत तसे नाही. कामगाराचा फंड कापला जातो, 1995 च्या योजनेची पेन्शन मिळते, त्याच्यामागे त्याच्या बायकोलाही मिळते. 2014 पासून किमान हजार रुपये. थोडी आहे, कामगार तक्रार करतात ते रास्तच आहे. पण ज्यांच्या उसावर हा कारखाना चालतो, त्यांच्या घरात तेवढीही नाही.

कोणी म्हणेल, सरकार देते की! श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये मिळतात ते 65 वर्षे पुरी झालेल्याला, आणि घरचे वर्षाचे उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. एकरभर ऊस असलेले घर त्यात बसत नाही. लाडक्या बहिणीचे पैसे 2024 साली सुरू झाले, पण तेही 65 व्या वर्षापर्यंतच. पाय थकले की पैसे थांबले.

2019 सालापासून केंद्राची किसान मानधन योजना आहे. जमीन दोन हेक्टरच्या आत, वय 18 ते 40. तिशीतल्या माणसाला महिना 105 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते, आणि साठीनंतर महिना 3000 मिळतात. नवरा-बायको दोघांनी वेगळी वर्गणी भरली तर दोघांना वेगळी पेन्शन, हे फार जणांना माहीतच नाही. आयकर भरणारे व फंड कापला जाणारे मात्र यात बसत नाहीत. वर्षाचे झाले 1260. 2025-26 ची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनी 3550 आहे. तोडणी-वाहतूक वजा केली तरी हा फार तर अर्ध्या टनाचा पैसा. एवढा ऊस तर पाचट ओढताना बांधावर मोडून पडतो. असे असून ऑगस्ट 2024 पर्यंत देशभरात या योजनेत आले सुमारे 23 लाख शेतकरी. त्याच वर्षी किसान सन्मानचा हप्ता घेणारे होते नऊ कोटींवर!

तीन हजारांत तीस वर्षांनी काय येणार, असे तुम्ही विचाराल. खरे आहे, ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. तिच्यावर संसार चालणार नाही, औषधपाणी भागेल. जास्त हवी असेल तर 2015 ची अटल पेन्शन आहे. तिशीत महिना 577 भरले तर साठीनंतर 5000, आणि एकाच्या मागे दुसऱ्याला तेवढीच. आयकर भरणाऱ्याला तीही उघडता येत नाही. बहुतेक लोक 42 रुपयांपासूनची वर्गणी पाहून हजाराच्याच पेन्शनवर सही करतात. आमच्या मते ती काटकसर चुकीची आहे.

दोन्ही योजनांचे दार चाळिशीला बंद होते. म्हणून हे लिहिणे सभासदापेक्षा त्याच्या सुनेसाठी आहे. चाळिशी ओलांडलेल्या कारभारणीला खरी पेन्शन जमिनीचीच. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कित्येकांनी सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावले. आपल्या भागात हे काम अर्धवटच राहिले. तिच्या नावाने चार गुंठे का होईना क्षेत्र असेल, तर ऊस तिच्या नावाने नोंदेल आणि बिल तिच्या खात्यावर पडेल.

कपातीचे नाव काढले की सभासद बिथरतो. बिनपरतीच्या ठेवीपासूनचा तो राग आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सक्ती नको. ज्याने लेखी संमती दिली त्याच्याच बिलातून वर्षाची वर्गणी काढून ती थेट पत्नीच्या किंवा सुनेच्या बँक खात्यावर भरावी, आणि नोंदीच्या फॉर्मवर वय व स्त्री-पुरुष असे दोन रकाने वाढवावेत, असे आमचे म्हणणे आहे. वार्षिक सभेत कोणा सभासदाने हा विषय मांडला तर बरे. तोवर थांबू नका. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारा घेऊन सीएससी केंद्रावर जा, आणि जाताना सुनेला बरोबर न्या. खाते तिचे आहे, अंगठा तिचाच लागतो.