नेता ठरतो कुठे?

महाराष्ट्र स्थापन झाल्यापासून खान्देशाला मुख्यमंत्रिपद मिळालेले नाही. २०१४ मध्ये विरोधी पक्षनेतेपद सांभाळलेले, खान्देशातले भाजप नेते एकनाथ खडसे दावेदार होते. दिल्लीतल्या पक्षश्रेष्ठींचा कौल मात्र देवेंद्र फडणवीसांना मिळाला. विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत फडणवीसांचे नाव सुचवावे लागले तेही खडसेंनाच! याउलट ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये सत्ताधारी लिबरल पक्षाच्या खासदारांनी नेता निवडण्यासाठी गुप्त मतदान घेतले. मॉरिसन यांना ४५, डटन यांना ४० मते पडली आणि मॉरिसन पंतप्रधान झाले. कुरघोड्या तिथेही कमी नाहीत, पण निदान मते मोजली जातात. आपल्याकडे निरीक्षक येतात, ठराव ‘एकमताने’ होतो. पारोळ्याच्या मतदाराचे सोडा, त्याच्या आमदारालाही नेता निवडताना कुणी मताची चिठ्ठी देत नाही. ती मागणारा एखादा तरी आमदार जळगाव-धुळ्यातून पुढे यावा.