दाभोळचे बंदर आणि बिदरची वाट

गुहागरचा किनारा पाहून झाला, व्याडेश्वराचे दर्शन झाले आणि दुपारी सोलकढीसह माशांचे जेवण झाले, की पर्यटकांची मोटार धोपाव्याच्या धक्क्यावर येऊन उभी राहते. फेरीबोट वाशिष्ठीचे रुंद मुख ओलांडते आणि पलीकडे दाभोळला उतरताच मोटारी दापोली, हर्णे, मुरूडच्या दिशेने धावू लागतात. दाभोळ गाव मागे राहते. आम्ही मागील आठवड्यात कसलीही घाई नसलेला एक दिवस याच गावात घालवला. बंदरावरच्या मच्छीमारांच्या बोटी, उन्हात पसरलेली जाळी, आदिलशाही काळातील मशिदीचा घुमट आणि चंडिकादेवीचे ते भुयारासारखे देऊळ असे सारे सावकाश पाहिले. देवीच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडाशिवाय दुसरा उजेड नाही. बाहेरच्या उन्हातून आत शिरताच काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू मूर्ती दिसू लागते. संध्याकाळी धक्क्यावर बसलो तेव्हा समोर अंजनवेलचा गोपाळगड होता आणि त्याच बाजूला त्या बहुचर्चित वीज प्रकल्पाचे अवाढव्य पसारे होते.

तेथेच भालकी तालुक्यातून आलेले एक कुटुंब भेटले. भालकी म्हणजे बिदर जिल्हा. बोली मराठीच, पण तिकडच्या वळणाची. त्यांतील आजोबा समुद्र प्रथमच पाहत होते. "आमच्या बिदरच्या किल्ल्यात लई मोठ्या तोफा हायत. इथं काय हाय?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "आजोबा, तुमच्या त्या किल्ल्यातले घोडे याच बंदरात उतरत असत." आजोबा आमच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मंग तसं कुठं लिहून का न्हाई ठिवलं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही.

१३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही त्याची राजधानी झाली. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने राजधानी बिदरला हलविली. दोन्ही शहरे समुद्रापासून शेकडो कोस दूर. परंतु दख्खनच्या हवेत लढाईच्या योग्यतेचे घोडे निपजत नसत. ते अरबस्तानातून आणि इराणातून गलबतांनी आणावे लागत. विजयनगरशी सतत झुंजणाऱ्या राज्याला घोडा हाच प्राण, आणि घोडा यायचा तो बंदरातूनच. त्यामुळे दाभोळ हे बिदरचे समुद्रावरचे महाद्वार ठरले. माल खाडीतून चिपळूणकडे चढे आणि तेथून घाटमाथा गाठी.

१४५३ साली इराणातील गीलान प्रांताचा एक व्यापारी याच दाभोळास उतरला आणि बिदरला गेला. तो म्हणजे महमूद गवान. व्यापाऱ्याचा तो वजीर झाला, आणि १४७२ मध्ये बिदरच्या प्रसिद्ध मदरशाचे बांधकाम त्याने पुरे केले. निळ्या-हिरव्या इराणी फरशांचा त्याचा एक मिनार आजही उभा आहे. दुसरा सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात पडला. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे सुलतानाने या वजिराचा वध करविला, आणि मग राज्यही फार काळ सावरले नाही. याच सुमारास रशियातील त्व्हेर गावचा व्यापारी अफनासी निकीतीन एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला आणि परतताना दाभोळहूनच गलबतात चढला. स्वगृही पोहोचण्यापूर्वीच तो वाटेत वारला. परंतु त्याची टिपणे उरली. १९५७ चा 'परदेसी' हा चित्रपट ज्याच्यावर निघाला तो हाच.

आम्हां गोमंतकीयांस या इतिहासाचे सरसकट कौतुक करणे शक्य नाही, हे मान्य करतो. याच गवानाने विशाळगड आणि संगमेश्वराची मोहीम करून १४७२ मध्ये गोवाही घेतला. सप्तकोटेश्वराच्या देवळाची पहिली नासधूस बहामनी अमलातच झाली, हे आमचे वाचक विसरलेले नाहीत. तथापि इतिहास आवडीनिवडीने वाचावयाचा नसतो. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने दाभोळ जाळले आणि दोन वर्षांच्या आत आल्बुकेर्कने गोवा घेतला. म्हणजे दाभोळची आणि आमची गोष्ट एकाच वहीत लिहिलेली आहे.

आणि ही वाट केवळ सुलतानांची होती असेही नव्हे. गोव्यातून व कोकणातून दरवर्षी किती कुटुंबे गाणगापूरला जातात! भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, मधुकरी, आणि परत. गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांस वैदुरानगरीच्या यवन राजाची कथा तोंडपाठ असते. मांडीवरच्या स्फोटकाने गांजलेला तो राजा श्रीगुरूंच्या चरणी आला, असे त्यात सांगितले आहे. ती वैदुरानगरी म्हणजेच बिदर! पोथीत नित्य भेटणारे हे नगर प्रत्यक्षात पाहण्याचे मात्र बहुतेकांच्या मनात येत नाही. २०१७ पासून कलबुर्गी ते बिदर थेट रेल्वे आहे. वाटेत हुमनाबादला माणिकप्रभूंचे संस्थान आहे. बिदरला तो मिनार आहे, किल्ला आहे, आणि काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसविणारे बिदरी कारागीरही आहेत. ते काम काळे करण्यासाठी लागणारी माती अजून किल्ल्यातूनच आणतात. मुक्काम एक दिवसाने वाढवला तर एवढे पाहून होते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे राहिले. त्या सीमेचा वाद न्यायालयात आहे आणि त्याची चर्चा या स्तंभातून आम्ही वेळोवेळी केली आहे. येथे ती नको. पण सीमाभागातील मराठी माणसाची आठवण आम्हांस केवळ आंदोलनाच्या दिवशी व्हावी, आणि तो आपणहून समुद्र पाहावयास आला तर त्याच्या गावाचे या बंदराशी काय नाते होते हे सांगणारी एक ओळही त्यास तेथे मिळू नये, हे आम्हांस खटकते. दाभोळच्या वायूची वाहिनी २०१३ मध्ये बेळगाव-धारवाडवरून थेट बंगलोरपर्यंत गेली. नळ टाकताना दोन राज्यांची खाती एकत्र बसू शकली. एका फलकाच्या मजकुरासाठी ती बसणार नाहीत काय?

आमची मागणी लहान आहे. दाभोळच्या धक्क्यावर मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एक दगडी फलक बसवावा. त्यावर महमूद गवान, निकीतीन आणि घोड्यांचा व्यापार यांचा उल्लेख असावा, आणि आल्मेदाच्या जाळपोळीचाही. तसाच दुसरा फलक बिदरच्या मदरशासमोर असावा, दाभोळचे नाव घेणारा. पर्यटन खात्यांच्या माहितीपत्रकांत दाभोळ हे फेरीबोटीचे ठिकाण म्हणून न येता बंदर म्हणून यावे. बोटीची वाट पाहताना प्रवाशांस अर्धा तास सहज मिळतो. तेवढ्यात फलक वाचून होतो आणि मशिदीपर्यंत चालत जाऊन परतही येता येते. भालकीच्या त्या आजोबांना त्या दिवशी तेवढाही वेळ नव्हता. त्यांच्या मुलाने हाक मारली, बोटीचा भोंगा वाजला आणि ते घाईने फळीवरून आत गेले.