टीव्हीचं डोकं

मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमचा टीव्ही गेला. 'गेला' हा शब्द आमच्या घरात माणसांना आणि यंत्रांना सारखाच लावतात, पण या वेळी आईनं तो माणसाला लावतात त्या आवाजात लावला. आधी टक् असा आवाज झाला, मग खालचा लाल दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. मी रिवाजाप्रमाणे प्लग काढून परत लावला. "काय झालं?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं. "तापलाय, जरा थंड होऊ दे," मी म्हणालो. रात्री साडेदहापर्यंत तो थंड होत होता.

बुधवारी दुरुस्तीवाला आला. मागचं पत्र्याचं झाकण काढायलाच त्याला अर्धा तास लागला, इतके स्क्रू. आत टॉर्च मारली आणि गावाकडचा माणूस अचानक भेटावा तसा हसला. "प्लाझ्मा! साहेब, कुठं राहिलेत आता हे." वाय-सस नावाचा कुठलासा बोर्ड उडाला होता. तो नाशकात मिळणार नाही, लॅमिंग्टन रोडला एकाकडे विचारून बघतो, पण त्यापेक्षा... दुरुस्तीवाल्याच्या तोंडून 'पण त्यापेक्षा' आलं की समजावं, दुरुस्ती संपली आणि खरेदी सुरू झाली.

खरेदी तोवर होऊनही गेली होती. सोफ्यावर पसरलेल्या चिरंजीवांनी मोबाइलवरून नवा टीव्ही मागवून टाकला होता. अकरा मिनिटांत. माझी कुरकुर त्या अकरा मिनिटांबद्दल आहे, कारण याच जागी टीव्ही कुठला घ्यायचा हे ठरवायला 2010 साली आम्हाला पाच आठवडे लागले होते आणि तेवढ्यात दोन पाहुण्यांशी बोलाचाली बंद झाली होती.

तेव्हा 'प्लाझ्मा की एलसीडी?' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जायचा, बँकेच्या रांगेत विचारला जायचा, आणि मी स्वतः तो एका दहाव्याला, काकस्पर्शाची वाट बघताना, गोदाकाठी ऐकलेला आहे. ज्यांच्या घरी दोन्हीपैकी एकही नव्हता त्यांची मतं सगळ्यात पक्की. आमचे एक शेजारी तर प्लाझ्मामधला गॅस दोन वर्षांनी संपतो आणि पुन्हा भरून घ्यावा लागतो, असं छातीठोकपणे सांगत. त्यावर आमचे अण्णा गंभीरपणे म्हणाले होते, "मग नंबर लावायचा आणि भरलेला येईपर्यंत दुसरा सिलिंडर ठेवायचा."

ज्यांचा जन्मच पातळ टीव्हीच्या काळातला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लाझ्मा हा 1964 सालचा शोध. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो संगणकाच्या पडद्यासाठी लावला. एलसीडी आपल्याकडे आधी कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळांतून आला. एलसीडीत मागे दिवे कायम पेटलेले आणि पुढे बारीक बारीक पडदे; प्रकाश हवा तिथं पडदा उघडायचा, नको तिथं लावून घ्यायचा. पण पडदा कितीही लावला तरी फटीतून उजेड येतोच, म्हणून काळा रंग करडा दिसतो. प्लाझ्मात मागे दिवाच नाही. काचेच्या दोन पाट्यांमध्ये निऑन आणि झेनॉन वायू भरलेली कोठारं, प्रत्येक कोठार आपापलं पेटतं आणि विझतं. आमच्या 42 इंचीत 1024 गुणिले 768 ठिपके आणि दर ठिपक्याला तीन रंगांची तीन कोठारं, म्हणजे साडेतेवीस लाख पणत्या. जिथं अंधार पाहिजे तिथली पणती जवळपास विझवायची. काळा मग काळाच दिसतो. बदल्यात वीज जास्त, वजन जास्त, काच आरशासारखी चमकणारी, आणि एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडायची भीती. संपलं शास्त्र.

हे शास्त्र मला माझ्या मेव्हण्यानं शिकवलं. तो हिंजवडीत असतो. (गीझरवरच्या एका जुन्या लेखात मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं. त्या लेखानंतर तो दोन महिने आमच्याकडे आला नव्हता, या लेखानंतरही तेवढा अवधी मिळावा.) पायोनियर कंपनीचा 'कुरो' नावाचा प्लाझ्मा होता, त्यावर त्याचं प्रेम होतं. कुरो म्हणजे जपानीत काळा. पायोनियरनं 2009 मध्येच टीव्हीचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा हे प्रेम एकतर्फीच राहणार होतं, आणि त्याचं दुःख तो आमच्याकडून प्लाझ्मा घेववून हलकं करू पाहत होता. "दाजी, काळा बघायचा. बाकी सगळं कुणीही दाखवतं." मला हे पटत होतं, पण आमच्या घरात रात्रीचे सिनेमे कोण बघणार होतं? अण्णांना बातम्या, आईला मालिका, चिरंजीवांना कार्टून. तिन्हींत अंधार म्हणून नाही. मालिकांत तर मध्यरात्रीसुद्धा ट्यूबलाइट लावून कारस्थानं करतात.

ही एलसीडीच्या बाजूची होती. तिनं दोन्ही टीव्हींच्या पाठीवरच्या पट्ट्या वाचल्या, किती वॅट ते पावतीच्या मागे लिहून घेतलं आणि विचारलं, "लोडशेडिंगमध्ये हा इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल?" मेव्हणा म्हणाला, "ताई, हा इन्व्हर्टरवर चालवायचा नसतो." "मग दिवसातून चार तास याच्या काळ्याकडेच बघायचं का?" बहीणभावाचं बोलणं इथं जे थांबलं ते भाऊबीजेला सुरू झालं.

शेवटी सगळं बिऱ्हाड दुकानात गेलं. तिथं छताला ट्यूबलाइटींची रांग, आणि त्या उजेडात भिंतीवरचे एलसीडी नुसते ओरडत होते. पोपट, जास्वंदी, निळेशार मासे. कोपऱ्यातला प्लाझ्मा आजारी माणसासारखा दिसत होता आणि त्याच्या काचेत आम्ही पाचही जण स्पष्ट दिसत होतो. मेव्हण्यानं दुकानातल्या मुलाला गळ घातली आणि त्या ओळीतल्या ट्यूबा बंद करवल्या. दोन्हीवर एकच चित्र लागलं, रात्रीचं आभाळ. आम्ही बघत राहिलो. कुणालाच काही कळेना आणि कुणीच तसं म्हणेना.

आई पुढे झाली. एलसीडीजवळ गेली, पदर सावरला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "ही धुतलेली चंद्रकळा." मग प्लाझ्माकडे वळून, "आणि ही घडी न मोडलेली."

काळ्या रंगावर आमच्या घरात आईच्या वर कुणी बोलू शकत नाही. पहिल्या संक्रांतीची तिची चंद्रकळा अजून ट्रंकेत आहे आणि ती किती धुण्यांनंतर विटायला लागली हे ती आजही सांगते. पाच आठवड्यांचा वाद त्या वाक्यानं मिटला. प्लाझ्मा बारा हजारांनी स्वस्तही होता, पण ते कारण आम्ही नंतर चारचौघांत सांगितलं नाही.

घरी आल्यावर कळलं की चंद्रकळा कशीही असो, आमच्या केबलवाल्याची तार जुनीच आहे. 21 इंचाच्या डब्यासाठी आलेलं चित्र 42 इंचाच्या लांबट पडद्यावर ताणून बसवलेलं. सगळे वृत्तनिवेदक एका रात्रीत बाळंतपणाला माहेरी जाऊन आल्यासारखे गुटगुटीत दिसायला लागले. मूळ आकारात बघायची सोय होती, पण मग दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येत, आणि "एवढे पैसे दिलेत ते पट्ट्या बघायला का?" हा अण्णांचा सवाल बिनतोड होता. पुढच्या एप्रिलमध्ये वानखेडेवर धोनीनं षटकार मारला, तो आमच्याकडे रुंद धोनीनं मारला.

डागाचं म्हणाल तर तोही पडला. अण्णा सकाळी सहापासून एकच बातम्यांचं चॅनल लावत, आवाज बंद करून. खालची लाल पट्टी दिवसभर तिथंच. वर्षभरात ती पट्टी काचेत मुरली. हिरव्या मैदानावर क्रिकेट चालू असलं की सीमारेषेच्या खाली एक पुसट आडवा पट्टा दिसे, बातमी नसलेल्या बातमीचा. 2017 मध्ये अण्णा गेले. पट्टा राहिला. तो आम्ही कुणी कुणाला दाखवत नसू.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. प्लाझ्मा की एलसीडी या भांडणात दोघांमधलं एक साम्य आम्हाला एकालाही दिसलं नाही. दोघांनाही डोकं नव्हतं.

जुना टीव्ही हा डबा होता आणि डब्याला वरची बाजू होती. देव्हाऱ्याखालोखाल घरातली सगळ्यात मानाची जागा. आमच्या टीव्हीवर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, त्याचं एक टोक पडद्यावर बरोबर चार बोटं आलेलं, त्यामुळे निवेदिकेच्या कपाळावर कायम नक्षी. रुमालावर पितळी गणपती, मालवणहून आणलेले शिंपल्यांचे दोन मोर, अण्णांच्या चष्म्याचं घर, दुधाचं कार्ड, अक्षता चिकटलेल्या लग्नपत्रिका, स्कूटरची किल्ली. गणपतीच्या खाली लाइट बिल. मराठीत 'टीव्हीवर काय आहे?' या प्रश्नाला तेव्हा दोन उत्तरं होती. एक, 'छायागीत'. दुसरं, 'लाइट बिल आणि पन्नासची नोट, उचलू नकोस.' आम्ही दोन्ही अर्थ बिनचूक ओळखत होतो. मुलं अंधारात हात वर करून किल्ली काढत. थंडीत त्यावर मोजे वाळत.

प्लाझ्मा भिंतीवर चढला त्या दिवशी हे सगळं कुटुंब रस्त्यावर आलं. गणपती फ्रिजवर गेला, तिथं तो कंप्रेसर सुरू झाला की थरथरायचा, म्हणून शोकेसमध्ये आला. मोर कुठं गेले कुणालाच माहीत नाही. किल्लीसाठी खिळा ठोकला. लाइट बिल मात्र बेघर झालं ते झालंच. त्या वर्षी आम्ही दोनदा उशिराचा दंड भरला. आईनं आठवडाभर सोसलं आणि मग सुताराला बोलावून प्लाझ्माच्या बरोबर वर, वीतभर अंतर सोडून, सागवानी फळी मारून घेतली. फळीवर क्रोशाचा रुमाल. टीव्हीला तिनं डोकं करून दिलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, व्हेंटिलेशन!" पण तेव्हा त्याचं ऐकायचं नाही असं घरात ठरलेलं होतं.

त्या फळीनंच प्लाझ्माचा खरा गुण दाखवला. नाशकात पौष-माघात विरजण लागत नाही. भांडं शालीत गुंडाळा, पिठाच्या डब्यात खुपसा, सकाळी बघावं तर दूधच. आईनं एका डिसेंबरात स्टीलचं भांडं सहज फळीवर ठेवलं. सात ते साडेदहा मालिका. खालून साडेतेवीस लाख पणत्यांची ऊब. सकाळी सुरीनं कापावं असं दही. त्यानंतर पंधरा हिवाळे आमच्याकडे विरजण टीव्हीवर लागलं. कढी पाहिजे असेल तर संध्याकाळच्या मालिका चुकवता येत नसत. ज्या विजेच्या जादा युनिटांवरून ही मला बोलायची त्यांतली निम्मी युनिटं दह्यात जात होती, हे मी हिला कधीच पटवू शकलो नाही. पॅनासोनिकनं 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनंही. धोक्यात काय आहे हे त्या सभांमध्ये कुणी मांडलं असेल असं वाटत नाही.

गुरुवारी नवा टीव्ही आला. 55 इंची, आणि एका माणसानं काखेत मारून आणला. जुना उतरवायला दोघे लागले होते. तो आता गॅलरीत भिंतीला टेकून उभा आहे. भंगारवाला म्हणतो, काच आहे, काचेचे पैसे नाहीत, झाकणाच्या पत्र्याचे देईन. नव्याचं चित्र चांगलं आहे, वृत्तनिवेदक बारीक झाले आहेत. मैदानाच्या खालचा पट्टाही नाही. आईनं रात्री हात वर करून त्याच्या कडेवरून फिरवला. "गारच आहे की रे हा."

शुक्रवारी सकाळी फळीवरच्या भांड्यात दूध होतं. आई काही बोलली नाही. चिरंजीवांनी दही मागवू का म्हणून मोबाइल काढला, तेव्हा तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती बघून मी पेपरात तोंड घातलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी रिमोट घेऊन बसलो. एक नंबर दाबला, दुसरा दाबला, सेल काढून चावून परत घातले. पडद्यावर सकाळचंच चॅनल. उठून बघतो तर शोकेसमधल्या सेट टॉप बॉक्सवर स्टीलचं भांडं, त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालाचं एक टोक बॉक्सच्या डोळ्यावर बरोबर चार बोटं आलेलं.

"आई, चॅनल लागत नाहीये."

"हलवू नकोस," आतून आवाज आला. "लागेल."