गहुंज्यात डॉक्टर धावत आला, गावच्या मैदानात कोण धावणार?

सोमाटणे : सोमाटण्याचं नाव निघालं की आधी टोलनाक्याची चर्चा होते. पण फाट्यापासून काही मिनिटांवर असलेल्या गहुंजे स्टेडियमवर ३१ जानेवारी २०२५ रोजी जे घडलं, त्याची चर्चा गावोगावच्या मैदानांवर व्हायला हवी होती. ती झाली नाही.

भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना. भारताच्या डावाच्या शेवटच्या ओव्हरमध्ये जेमी ओव्हर्टनचा बॉल शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. जागेवरच तपासणी झाली, दुबे पुढे खेळला. त्याच्या ५३ धावा झाल्या. डाव संपल्यावर मात्र डोकं दुखायला लागलं आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. राणाने ३ विकेट काढल्या, भारत १५ धावांनी जिंकला. मग वाद पेटला : बॅटिंग करणाऱ्या ऑलराउंडरच्या जागी फास्ट बॉलर कसा चालतो? इंग्लंडचा कॅप्टन बटलरनेही उघड नाराजी दाखवली.

वाद चुकीचा नव्हता. पण त्या गोंधळात महत्त्वाची गोष्ट मागे पडली. मैदानात तपासणीत पास झालेल्या माणसाला त्रास नंतर सुरू झाला, तोही हेल्मेट असताना.

याला कन्कशन म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. भरलेल्या घागरीला हिसका दिला की घागर फुटत नाही, पण आतलं पाणी हिंदकळतं, तसंच हे. रक्त नाही, टेंगूळ नाही, बऱ्याचदा शुद्धही जात नाही. सीटी स्कॅनही बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण तो आत रक्तस्राव आहे का हे बघायला असतो. म्हणून "रिपोर्ट चांगलाय, उद्या खेळ" हे बरोबर नाही.

क्रिकेटला हे कळायला उशीर लागला. १९९८ मध्ये ढाक्यात भारताचा रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा होता. बॉल डोक्याला लागला, तो स्वतःच्या पायांनी बाहेर गेला आणि तीन दिवसांत गेला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोक्याला लागल्यावर बदली खेळाडू देण्याचा नियम आयसीसीने आणला तो १ ऑगस्ट २०१९ पासून. आता कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर बसावंच लागतं.

आणि आपल्याकडे? यात्रेच्या आखाड्यात पैलवान डोक्यावर आपटतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं डोकं पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर बसतं. टेनिस बॉलच्या स्पर्धेत कॅचसाठी पळणारे दोघं एकमेकांवर धडकतात. मग तोंडावर पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा, कोणीतरी मान मोडून बघायची (हे तर मुळीच करू नये, मानेलाही मार असू शकतो) आणि "काय नाय झालं, ऊठ" म्हणत परत आत. मैदानावर आयोजक असतात, पंच असतात, कॉमेंट्रीवाला तर असतोच. पण "हा पोरगा आज खेळणार नाही" असं ठामपणे सांगणारा कोणी नसतो.

अमेरिकेत बऱ्याच शाळा-कॉलेजांत यासाठी शिकलेला माणूस ठेवतात. तो ॲथलेटिक ट्रेनर. तो व्यायाम घेणारा जिममधला ट्रेनर नव्हे, दुखापत ओळखणारा आणि खेळाडूला बाहेर काढायचा अधिकार असलेला आरोग्यसेवक. आपल्याकडे मोठ्या संघांना फिजिओ मिळतो, गावच्या संघाला औषधाची पेटी मिळाली तरी नशीब.

तरी ओळखायला डिग्री लागत नाही. जगभरातल्या तज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी साधे प्रश्न ठरवलेत : आपण आत्ता कुठल्या मैदानात आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा पॉइंट कोणी घेतला? मागची मॅच जिंकलो का? उत्तर चुकलं, खेळाडू अडखळला, डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळलं, की त्या दिवशी खेळ बंद. उत्तरं बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच. उलटी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या, मानेत दुखणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८. मान दुखत असेल किंवा शुद्ध नसेल तर गाडी येईपर्यंत हलवू नये. त्या रात्री एकट्याला सोडू नये, मोटारसायकल देऊ नये, दारू तर नाहीच. पहिले दोन दिवस आराम आणि मोबाईलही कमी. पोरांची आधी शाळा, मग खेळ, तोही डॉक्टरांना विचारून.

अडचण माहितीची कमी, इज्जतीची जास्त आहे. फायनलला मुख्य चढाईपटू बाहेर बसवायचा म्हणजे कॅप्टनच्या पोटात गोळा येतो. पोरगाही दुखणं लपवतो. म्हणून हा निर्णय संघाकडे ठेवूच नये. मैदानात एक माणूस आधीच ठरवावा, गावचा डॉक्टर असो, नर्स असो की पीटीचे सर. ज्याचा निकालाशी संबंध नाही असा. त्याचं नाव पहिल्या मॅचआधी माईकवरून सांगावं आणि त्याने बाहेर काढलं तर वाद चालणार नाही हे प्रवेश फीच्या पावतीवरच छापावं. बक्षिसाची रक्कम बॅनरवर मोठ्या अक्षरात असते, त्याखाली ही एक ओळ सहज बसते.