फुकटचे पराभव

अमेरिकन कॉमिक्समधल्या बड्या खलनायकांचा दरारा का ओसरला, यावर सध्या एक सिद्धान्त मोठ्या थाटात मांडला जातोय. मांडणाऱ्या गृहस्थांचं नाव घेत नाही. त्यांच्यासारखे बरेच आहेत. एकाचंच नाव घेतलं तर बाकीचे रुसतील.

सिद्धान्त सोपा आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. गॅलॅक्टस ग्रह खायला येतो आणि उपाशी परत जातो. थॅनोस विश्व कमावतो आणि गमावतो. डार्कसाइड, डॉक्टर डूम, डूम्सडे, सगळ्यांची तीच गत. वारंवार हरल्यामुळे या मंडळींची पत गेली, असं निदान. मग इलाजही ओघानंच येतो: त्यांना जिंकू द्या, ताकद वाढवा, किरकोळ नायकांच्या हातून मार खायला लावू नका, त्यांची थट्टा करू नका, आणि एखादा पराभव फारच लाजिरवाणा असेल तर तो झालाच नव्हता असं जाहीर करून टाका. थोडक्यात, गड्याला बदाम-दूध पाजून तालमीत धाडलं की वाचक चळचळा कापायला लागणार!

निदान साफ चुकलेलं आहे आणि इलाज रोगापेक्षा भयंकर. दाखला त्यांच्याच आवडीचा घेऊ, म्हणजे तक्रार नको.

१९६६ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फॅन्टास्टिक फोर'च्या ४८ ते ५० या तीन अंकांत गॅलॅक्टसला आणलं. पहिल्या अंकात तो शेवटच्या पानापर्यंत दिसतच नाही. आधी आभाळ पेटल्यासारखं होतं, मग आभाळभर दगडधोंडे तरंगू लागतात. हा उद्योग वॉचरचा: विश्वात जे घडेल ते नुसतं पाहायचं, मध्ये पडायचं नाही, असं व्रत घेतलेला हा साक्षीदार व्रत मोडून पृथ्वी लपवायला धडपडतोय. ज्यानं आजवर सगळं थंड डोळ्यांनी पाहिलं, त्याचीच गाळण उडालेली पाहून वाचकाच्या पोटात गोळा येतो. मग साहेब अवतरतात. वेश पाहावा तर हसू यावं: सुरुवातीच्या पानांत हातपाय उघडे आणि छातीवर स्वतःच्याच नावाचं आद्याक्षर! आज कुणी असं चित्र घेऊन गेला तर संपादक त्याला चहासुद्धा विचारणार नाही. तरीही हा माणूस, म्हणजे हा जो कोण आहे तो, अंगावर काटा आणतो. कारण तो कुणाशी भांडतच नाही. न्यूयॉर्कमध्ये बॅक्स्टर बिल्डिंगच्या गच्चीवर तो आपलं यंत्र जुळवत बसतो. 'फॅन्टास्टिक फोर' या नायकांच्या चौकडीतले थिंग आणि ह्यूमन टॉर्च त्याच्यावर तुटून पडतात, आणि कामात व्यत्यय आला एवढीच त्याची तक्रार.

आणि हा गॅलॅक्टस पहिल्याच खेपेला हरतो. वॉचरच्या मदतीनं ह्यूमन टॉर्च, म्हणजे जॉनी स्टॉर्म, त्याच्या यानात शिरून अल्टिमेट नलिफायर नावाचं अस्त्र पळवून आणतो, चौकडीचा म्होरक्या रीड रिचर्ड्स ते त्याच्यावर रोखतो, आणि ग्रहभक्षक मुकाट्यानं पृथ्वी सोडण्याचं कबूल करतो. गंमत म्हणजे हे सगळं ५०व्या अंकाच्या साधारण मध्यावरच उरकतं. उरलेल्या पानांत जॉनी कॉलेजात दाखल होतो. हरल्यानं दरारा जात असता तर गॅलॅक्टसचं दुकान मे १९६६ मध्येच बंद व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

का झालं, ते आमच्या सिद्धान्तकर्त्यांनी पाहिलंच नाही, कारण ते फक्त निकाल वाचतात. जॉनी ते अस्त्र घेऊन परततो तेव्हा तो विजयी वीर नसतो. तो भेदरून गेलेला असतो. आपण सगळे मुंग्या आहोत, नुसत्या मुंग्या, एवढंच त्याच्या तोंडून निघतं. आणि गॅलॅक्टसचा दूत सिल्व्हर सर्फर? मालकाविरुद्ध उभा राहिला म्हणून त्याला अंतराळ बंद होतं. जो आकाशगंगा पालथ्या घालत होता तो एका ग्रहावर कोंडला जातो. या कोंडवाड्यातून त्याची कायमची सुटका १९८७ साली झाली. म्हणजे एका विजयाचं बिल एकवीस वर्षं फिटत होतं! त्या काळात सर्फर जेव्हा जेव्हा आभाळाकडे पाहून उसासा टाकी, तेव्हा पानावर कुठेही नसलेला गॅलॅक्टस हजर असे.

पुढचा दाखला तर आणखी अडचणीचा आहे, अर्थात त्यांच्यासाठी. १९८२ साली जॉन बर्ननं याच मालिकेत गॅलॅक्टसला रीतसर लोळवला. अस्त्राचा धाक नाही, तह नाही. भुकेनं खंगलेला गॅलॅक्टस न्यूयॉर्कच्या रस्त्यात नायकांच्या हातून आडवा झाला. सिद्धान्तानुसार याहून मोठी नामुष्की नाही. पण मरणाला टेकलेल्या त्या जिवाला रीड वाचवतो. जॉनीची प्रेयसी फ्रँकी रे आपणहून त्याची नवी दूत होते आणि जॉनीला सोडून निघून जाते. पुढच्या वर्षी गॅलॅक्टस परग्रहवासी स्क्रलांच्या साम्राज्याचा राजधानीचा ग्रहच फस्त करतो. अब्जावधी जीव जातात. १९८४ मध्ये रीडवर खटला उभा राहतो: तू त्याला वाचवलंस, आता या मढ्यांचा हिशेब दे. गॅलॅक्टस इतका भयानक पूर्वी कधीच नव्हता, आणि हे भय त्याच्या पराभवातूनच जन्मलं.

मग त्याचा दरारा गेला कुठे? तो मोजपट्टी झाला तिथे. नवा खलनायक आणायचा, तो किती भारी हे सांगायला वेळ नाही, अक्कल त्याहून नाही; मग उचला गॅलॅक्टसला आणि द्या नव्याच्या हातून चोप. २००६ च्या 'ॲनिहिलेशन'मध्ये ॲनिहिलस त्याला बांधून चक्क शस्त्रासारखा वापरतो. म्हणजे ग्रहभक्षकाची नेमणूक आता तोफ म्हणून! २००७ च्या 'फॅन्टास्टिक फोर' चित्रपटात तर त्याचा धुळीचा ढग करून टाकला. यातल्या एकाही ठिकाणी अडचण 'तो हरला' ही नाही. त्याच्यामुळे कुणाचंच काही गेलं नाही, ही आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हा वाद मी पूर्वीही घातलेला आहे. मार्व्हलनं १९८३ पासून आपल्या पात्रांची अधिकृत माहितीपुस्तिका काढायला सुरुवात केली. कोण किती टन उचलतो, कुणाची मर्यादा कुठे, सगळं नोंदवलेलं. त्यावर आमच्याकडच्या जाणत्यांनी तेव्हा टाळ्या पिटल्या होत्या: आता कसं शास्त्रशुद्ध झालं! मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो, की ज्याची ताकद टनांत लिहिली त्याची भीती मेली. भीतीला अंधार लागतो, तक्ता नाही. पण तक्त्याचे भक्त ऐकतात कुठे! आज 'ताकद वाढवा' म्हणणारे तेच, किंवा त्यांचे मानसपुत्र. मधल्या काळात हीच मंडळी खलनायकाला दुखरं बालपण द्या म्हणून मागे लागली होती. बाप मारायचा, आई लवकर गेली, शाळेत मुलं चिडवायची. प्रत्येक राक्षसाला समुपदेशकाच्या खुर्चीत बसवून झालं, आणि आता विचारतात, राक्षस घाबरवत का नाहीत?

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा द्यावी इतके ते जड नाहीत.

ताकद वाढवा म्हणता? जोकरकडे १९४० पासून कसलीही अचाट शक्ती नाही.

हरू देऊ नका म्हणता? डॉक्टर डूम १९६२ पासून हरतोच आहे, आणि तरी लाटव्हेरियाचा हा राजा दारात उभा राहिला की घरातले सगळे उठून उभे राहतात.

थट्टा करू नका म्हणता? स्क्विरल गर्लनं आपल्या खारींच्या फौजेनिशी याच डूमला पळता भुई थोडी केली. ती कथा विनोदी होती, सगळे हसले, डूमचं काही बिघडलं नाही. एका विनोदानं जो मरतो तो आधीच मेलेला असतो.

आणि जिंकू द्या म्हणता? सगळं जिंकलेल्या खलनायकाला पुढच्या महिन्याच्या अंकात काम काय देणार?

राहिला तो शेवटचा, अजब इलाज: पराभव नाकारण्याचा. याचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. एक्स-मेनच्या एका कथेत आर्केड नावाचा दुय्यम बदमाश डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो. जॉन बर्नला हा अपमान सहन झाला नाही. त्यानं आपल्या मालिकेत दाखवून दिलं की तो डूम नव्हताच, डूमचा यंत्रमानव होता. थॅनोसचा जनक जिम स्टारलिन यानं २००२ साली हीच युक्ती त्याच्यासाठी वापरली: इतरांनी लिहिलेल्या काही कथांतले थॅनोस म्हणजे त्याच्या प्रतिकृती होत्या म्हणे. हरला की 'तो मी नव्हेच'! लेखकांची माया मी समजू शकतो, पोटचं पात्र दुसऱ्यानं बडवलेलं कुणाला रुचेल? पण याचा वाचकावर परिणाम काय होतो? आज समोर आहे तो तरी खरा कशावरून, असं तो विचारायला लागतो. पराभवाबरोबर धमकीही खोटी ठरते. इज्जत वाचवायला गेले आणि अब्रूचं खोबरं करून आले.

आता माझं म्हणणं. ते लांबलचक नाही, कारण सांगायची गोष्ट एकच आहे. दरारा हरण्यानं जात नाही, फुकट हरण्यानं जातो. खलनायकाला परतवताना नायकाला काय मोजावं लागलं, आणि मोजलेलं ते परत मिळालं की नाही, एवढे दोनच प्रश्न विचारायचे.

ग्रीन गॉब्लिन पाहा. १९७३ साली, 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१व्या अंकात, तो स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली टाकतो. स्पायडर-मॅनचं जाळं तिला वरचेवर झेलतं, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी एक बारीकसा आवाज छापलेला आहे. नायकाला तो ऐकू येत नाही. तो तिला वर ओढत स्वतःवरच खूश होत असतो. वाचकानं मात्र तो वाचलेला असतो. पुढच्याच अंकात गॉब्लिन स्वतःच्या यानाच्या टोकावर भोसकला जाऊन मरतो. याहून पुरता पराभव कोणता? तरी तो १९९६ पर्यंत, तेवीस वर्षं मेलेला असताना, त्या मालिकेतला सगळ्यात भीतिदायक माणूस होता. कारण ग्वेन परत आली नाही. तिच्या प्रतिकृती आल्या, ती आली नाही.

याच्या शेजारी डूम्सडेला ठेवा. १९९२ साली त्यानं सुपरमॅनला ठार केलं. यापेक्षा मोठी किंमत डीसीच्या दुकानात नव्हती. पण पुढच्याच वर्षी सुपरमॅन धडधाकट परतला. किंमत परत, तर दहशतही परत. २००४ पर्यंत पाळी अशी आली की डार्कसाइडनं डूम्सडेच्या प्रतिकृतींची फौजच्या फौज पाठवली आणि नायकांनी ती कापून काढली. एकानं सुपरमॅनचा जीव घेतला होता. पलटणीला ओरखडाही काढता आला नाही. ताकद वाढवायचा इलाज याहून मनापासून कुणी केला असेल, असं वाटत नाही.

दोन पुरवणी कलमं. खलनायकाला स्वतःचा उद्योग असू द्या: कर्बीचा डार्कसाइड सगळ्या जीवांची इच्छाशक्ती ताब्यात घेणारं ॲन्टी-लाइफ समीकरण शोधत होता आणि हाणामारीची कामं हाताखालच्यांवर सोडत होता, त्याला सुपरमॅनशी गुद्दागुद्दी करायला लावलं तेव्हा तो फक्त एक मोठा गुंड उरला. आणि त्याला अधूनमधून घरी बसू द्या. अतिपरिचयात अवज्ञा होते हे आपल्याकडे कधीच सांगून ठेवलंय, पण दरमहा अंक विकणाऱ्यांना ते परवडत नाही, हेही मला कळतं.

तेव्हा ताकदीचे तक्ते बाळगणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी एखाद्या खलनायकाची हवा गेली म्हणून गळा काढण्याआधी, त्याच्या शेवटच्या दहा हारींचा खर्च मांडा. नायकाच्या बाजूला काहीच गेलेलं दिसलं नाही, तर दोष खलनायकाच्या दंडात शोधू नका. लेखकानं नायकाच्या खिशाला हात लावायची हिंमत केली नाही, आणि तुम्ही वाचक म्हणून ती मागितली नाही.