मनाचे शास्त्र आणि घरची बोली

विद्यापीठातील मानसशास्त्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम बहुधा वुंटने १८७९ साली लाइपझिग येथे स्थापिलेल्या प्रयोगशाळेपासून सुरू होतो. भिलाईलगतच्या जामुलसारख्या सिमेंटनगरीतील विद्यार्थी तो विषय घेतो, तेव्हा 'अवधान', 'अभिप्रेरणा' अशी हिंदी परिभाषा त्याच्या कानी पडते. घरी मात्र तो छत्तीसगढीत रागावतो. मराठी कुटुंबातील असल्यास मराठीत रुसतो. राग निराळा व रुसवा निराळा, हे त्याला आधीच ठाऊक असते. पाठ्यपुस्तकात सहसा रागालाच स्थान मिळते.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. या शास्त्राचे कितीतरी सिद्धांत पाश्चात्त्य, संपन्न समाजांतील व्यक्तींच्या, त्यातही विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या निरीक्षणावर उभे आहेत व ते मानवमात्राला लागू पडतीलच असे नाही, हे हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिले.

शास्त्र सार्वत्रिक असल्याने परिभाषाही समान हवी, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु समान परिभाषा हे अध्ययनाचे फलित होय, आरंभ नव्हे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-प्रणीत बुद्धिमापन कसोटी मराठी व कानडी भाषक मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धती परकी असली तरी प्रश्न मुलाच्या भाषेतच विचारला पाहिजे, हे त्यामागील सूत्र होते. जामुलच्या विद्यार्थ्यालाही पहिल्या तासाला व्याख्या न देता त्याच्या घरातील भावनावाचक शब्द विचारावेत. त्या शब्दांशी ताडून पाहिलेली व्याख्याच त्याला खऱ्या अर्थाने समजेल.